बिडाचा पॅन: स्वयंपाक करणाऱ्यालाही टेबलावर बसू देणारं भांडं

घरी जोडीदारासाठी खास जेवण करायचं म्हटलं की सगळे सल्ले मेणबत्त्या, फुलं आणि पाककृती यांच्याभोवती फिरतात. माझी तक्रार वेगळीच आहे. जेवण ज्यानं केलं तोच जेवताना टेबलावर नसतो. एक पदार्थ गरम करायला उठ, दुसरा ताटलीत काढायला उठ, तिसरा करपतोय का ते बघायला उठ. समोरचं माणूस एकटंच काट्याशी चाळा करत बसतं. आमच्याकडे त्या वेळचं ठरलेलं वाक्य आहे: "अरे, तू बस ना आता, किती वेळा उठशील?"

म्हणून या पॅनचं परीक्षण मी एकाच कसोटीवर करणार आहे. यानं मला टेबलावर किती वेळ बसू दिलं? बाकी गुणदोष ओघात येतीलच.

भांडं साधं आहे. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, २६ सेंटिमीटर व्यासाचा, उभ्या काठाचा खोलगट पॅन. एनॅमलचा, म्हणजे काचेसारखा, थर नाही; कारखान्यातूनच तेलाचं सीझनिंग होऊन, म्हणजे तेल तापवून त्याचा घट्ट थर बसवून आलेलं. एका बाजूला लांब दांडा, समोर धरायला छोटा कान, दोन्ही बाजूंना रस्सा ओतायला चोच. वजन अडीच किलोच्या आसपास. कंपनीचं नाव देत नाही, कारण ते फारसं महत्त्वाचं नाही. साध्या बिडात सगळे तेच करतात: लोखंड, त्यात दोन टक्क्यांहून जास्त कार्बन, थोडं सिलिकॉन, आणि वाळूच्या साच्यात ओतकाम. महागड्या पॅनचा तळ घासून गुळगुळीत केलेला असतो, स्वस्तातल्याचा खरबरीत राहतो. माझा खरबरीत आहे. वापरून वापरून तो बऱ्यापैकी मुरला, आणि आता त्यात अंडंसुद्धा फारसं चिकटत नाही.

२६ सेंटिमीटर हेच माप का, तर दोघांसाठी ते नेमकं बसतं. २० सेंटिमीटरच्या पॅनमध्ये दोघांचं जेवण दाटीवाटीनं बसतं आणि भाजण्याऐवजी स्वतःच्या वाफेत शिजतं. ३० सेंटिमीटरचा पॅन भरला की एका हातानं उचलवत नाही, आणि दोन माणसांच्या टेबलावर तो आला की पाण्याच्या पेल्यांना जागा उरत नाही.

आता उष्णतेबद्दल थोडं, कारण सगळी मेख तिथेच आहे. बिडाचं भांडं चांगलं तापतं असं लोक सरसकट सांगतात. खरं तर ते तापायला आळशी आहे. ॲल्युमिनियम त्याच्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त वेगानं उष्णता पसरवतं आणि तांबं त्याहूनही वेगानं. त्यामुळे छोट्या बर्नरवर मोठ्या आचेनं हा पॅन ठेवलात तर मध्ये आग आणि काठाला कोमट अशी अवस्था होते. शिवाय ग्रॅमला ग्रॅम लावून बघितलं तर उष्णता साठवण्यातही ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट सरस आहे. मग बिडाची एवढी ख्याती कशानं? तर वजनानं. हे भांडं जाड आणि जड असतं, म्हणून एकूण साठा मोठा होतो. एकदा नीट तापलं की थंडगार मश्रूम पडले तरी त्याचं तापमान कोसळत नाही. पातळ नॉनस्टिक पॅन त्याच क्षणी हात टेकतो, आणि चर्र आवाजाच्या जागी पाण्याची बुडबुड ऐकू येते.

यासाठी मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं रिकामा पॅन तापवावा लागतो. घाई चालत नाही. ओव्हन आधीच चालू असेल तर त्यातच पॅन तापवा, चहूबाजूंनी सारखा तापतो. इंडक्शनवरही चालतो, फक्त तिथे आच हळूहळू वाढवायची आणि काचेवरून घसटत न्यायचा नाही.

मी यात जे करतो ते सविस्तर सांगतो, कारण पॅनची खरी परीक्षा तिथेच झाली. माझी बायको मांसाहार करत नाही आणि रुग्णालयात कामाला असल्यानं तिच्या घरी यायच्या वेळेचा भरवसा नाही. आठला येते म्हणाली तर नऊसुद्धा वाजतात. म्हणजे मला असा पदार्थ हवा की जो तासभर थांबला तरी रुसणार नाही. पास्ता बाद, तो थांबला की लगदा होतो. फेटलेल्या अंड्यांचं फुगवलेलं सूफ्ले तर विचारायलाच नको.

मश्रूम मात्र थांबतात. भाज्यांच्या पेशींच्या भिंती सेल्युलोज आणि पेक्टिनच्या असतात, आणि पेक्टिन उष्णतेनं विरघळलं की भाजी गळते. मश्रूमच्या पेशींना कायटिनचा आधार असतो. खेकड्याच्या कवचात असतं तेच हे द्रव्य, आणि स्वयंपाकाच्या आचेला ते दाद देत नाही. त्यामुळे मश्रूम दहा मिनिटं शिजवा नाहीतर पाऊण तास, दाताखाली ते तसेच लागतात. उशिरा येणाऱ्या माणसासाठी यापरता समजूतदार पदार्थ मला तरी माहीत नाही.

दोघांना ४०० ग्रॅम मश्रूम घेतो. बघताना वाटतं, एवढे कोण खाणार! पण त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, बघता बघता निम्म्यावर येतात. उभे दोन भाग करायचे आणि फडक्यानं टिपून कोरडे करायचे. सोबत लहान बटाटे: अर्धे करून मिठाच्या पाण्यात सात-आठ मिनिटं उकडलेले, निथळून वाफ जाईपर्यंत पसरून ठेवलेले.

कोरडं करण्याचा हा सोस उगाच नाही. मश्रूमला जो खरपूस तांबूस रंग आणि वास येतो तो प्रथिनं आणि साखर यांच्यातल्या विक्रियेतून. लुई कामीय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १९१२ साली तिचं वर्णन केलं, म्हणून तिला मायार विक्रिया म्हणतात. ती जोर धरते १४० अंश सेल्सिअसच्या आसपास. पृष्ठभागावर पाणी असेल तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, कारण उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्च होते. म्हणजे ओला मश्रूम कितीही वेळ ठेवा, तो पांढुरकाच राहणार.

पॅन तापला की दोन चमचे रिफाइंड तेल आणि मश्रूम कापलेली बाजू खाली करून, एका थरात. पहिल्या घाण्यात निम्मेच. मग हात मागे घ्यायचा. उलथनं दिसलं की आपला हात शिवशिवतो, पण तीन-चार मिनिटं अजिबात हलवायचं नाही. आवाज ऐकत राहायचं. सुरुवातीला ओलसर फसफस असते, पाणी उडून गेलं की आवाज बारीक आणि तडतडीत होतो. तेव्हा एक मश्रूम उचलून बघा. कापलेल्या बाजूला काठाकाठानं गडद तपकिरी रेघ आणि मध्ये सोनेरी रंग आला असेल तर सगळे उलटा. मीठ शेवटी, कारण आधी घातलं की मश्रूम पाणी सोडतात. मग दुसरा घाणा. मश्रूम बाजूला काढून त्याच तेलात बटाटे, तेही कापलेली बाजू खाली. रंग आला की सगळं एकत्र, वर थाइम या सुगंधी पाल्याच्या दोन काड्या, आणि पॅन तसाच्या तसा १०० अंशांवर ठेवलेल्या ओव्हनमध्ये.

इथे पॅनला पहिले पूर्ण गुण. प्लॅस्टिकचा दांडा नाही, वितळणारा थर नाही, शेगडीवरून थेट ओव्हनमध्ये. नॉनस्टिकचा टेफ्लॉनचा थर २६० अंशांच्या पुढे खराब व्हायला लागतो, आणि रिकामा पॅन मोठ्या आचेवर विसरला तर तिथवर पोचायला वेळ लागत नाही. बिडाला ही भीती नाही.

ओव्हनमध्ये सगळं गरम राहतं आणि ६० अंशांच्या वर राहतं. हे महत्त्वाचं, कारण शिजलेलं अन्न कोमट अवस्थेत तासन्‌तास ओट्यावर ठेवणं जंतूंना आमंत्रण आहे. बटाट्याचा कुरकुरीतपणा तासाभरात थोडा उतरतो, तेवढं सोसावं लागतं.

दरवाजाची कडी वाजली की पुढचा भाग. ती हातपाय धुऊन कपडे बदलते तेवढ्यात पॅन शेगडीवर दोन मिनिटं, एक चमचा लोणी, आणि मग आच बंद. हो, बंद. बारीक चिरलेला लसूण मी आच बंद केल्यावरच घालतो. या पॅनमध्ये उरलेल्या उष्णतेतच तो शिजतो. चालू आचेवर घातला की सोनेरी होता होता काळा पडतो, कारण बीड आचेचं बटण फिरवल्याबरोबर ऐकत नाही. लसणाचा कच्चा वास गेला की पळीभर पाणी घालायचं. तळाला चिकटलेला खरपूस थर लाकडी उलथन्यानं खरवडून काढायचा, सगळी चव त्यातच असते. वर अर्धी वाटी क्रीम. पॅन एवढा गरम असतो की ते आपोआप खदखदतं आणि दाटतं. मिरी. लिंबू मात्र टेबलावर, ज्याचं त्यानं.

आणि मग पॅन जाड लाकडी पाटावर, टेबलाच्या मध्यभागी. दोन ताटल्या, पाव, एक मोठा चमचा. पॅन पंधरा-वीस मिनिटं गरम राहतो. क्रीमच्या कडा थोडा वेळ बुडबुडत असतात. दुसऱ्यांदा वाढून घेतलं तरी वाफ येते. शेवटी तळाचा रस्सा पावानं पुसून खायचा, दोघांनी एकाच भांड्यातून. नाजूक चिनी मातीच्या ताटल्यांतून वाढलेल्या तीन पदार्थांपेक्षा मला हे जास्त प्रेमाचं वाटतं, पण ते जाऊ दे. कसोटीचं उत्तर असं: पॅन टेबलावर आल्यापासून गोड खाईपर्यंत मी उठत नाही. त्या एका बाबतीत दहापैकी दहा.

आता तक्रारी. त्या कमी नाहीत.

पहिली दांड्याची. दांडा पॅनइतकाच तापतो, आणि दिसायला थंडच दिसतो. टेबलावर आल्यावर समोरचं माणूस सहज हात लावेल अशाच जागी तो असतो. मी त्यावर जाड फडकं गुंडाळून ठेवतो आणि दांडा माझ्याकडे वळवतो. कंपनीनं सोबत सिलिकॉनचं कव्हर दिलंय, ते सैल आहे आणि दांड्यावर फिरतं. अडीच किलोचं तापलेलं लोखंड उचलताना मूठ फिरली तर काय होईल याची कल्पना करा. मी ते खणात टाकून दिलं. फडकं कोरडंच घ्या. ओल्या फडक्यातून वाफ होऊन चटका जास्त बसतो.

दुसरी वजनाची. बायकोचं मनगट दुखतं, तिला हा पॅन एका हातानं उचलत नाही. म्हणजे आमच्या घरात हे माझं भांडं झालं. तिला माझ्यासाठी काही करायचं असेल तर ती स्टीलचं घेते. दोघंही आळीपाळीनं स्वयंपाक करत असाल तर विकत घेण्याआधी दोघांनीही उचलून बघा, आणि भरल्यावर आणखी किलोभर वाढेल हे धरून बघा.

तिसरी, आणि मला सगळ्यात खटकलेली: वास. खोक्यातल्या माहितीपत्रकावर या पॅनमध्ये भाजलेल्या भल्यामोठ्या चॉकलेट कुकीचा फोटो आहे, वर आइस्क्रीमचा गोळा. फोटो झकास आहे. पण लसूण-मश्रूमच्या जेवणानंतर त्याच पॅनमध्ये गोड करा असं सुचवणाऱ्यानं ते स्वतः खाल्लेलं नसावं. सीझनिंगचा थर म्हणजे तापून घट्ट झालेलं तेल, आणि तेलाला वास धरायची सवय असते. आमच्या कुकीचा पहिला घास घेऊन बायको अगदी सांभाळून म्हणाली, "याला जरासा लसणाचा वास येतोय का रे?" जरासा नव्हता. रिकामा पॅन २०० अंशांच्या ओव्हनमध्ये अर्धा तास ठेवला की वास बराच जातो, पण जेवण आणि गोड यांच्या मध्ये कोण हे करणार? गोड आदल्या रात्री करून फ्रीजमध्ये ठेवा. चॉकलेट मूस थंडच चांगलं लागतं, आणि त्यासाठीही उठून ओव्हनकडे जावं लागत नाही.

चौथी आंबट पदार्थांची. टोमॅटोचा सॉस, वाइन घालून तासभर रटरटणारं काही, लिंबाचा रस्सा, यातलं काहीही यात करू नका. आम्ल सीझनिंग खातं, पदार्थ काळपट पडतो आणि कळकल्यासारखा लागतो. शेवटी पळीभर वाइन शिंपडून दोन मिनिटांत उडवून दिली तर काही बिघडत नाही. पण रोमँटिक जेवण म्हणजे लाल सॉस हे ज्यांच्या डोक्यात पक्कं आहे त्यांनी एनॅमलचा थर असलेलं बिडाचं भांडं घ्यावं. ते आंबटाला घाबरत नाही, वास धरत नाही, उष्णताही अशीच धरून ठेवतं. फक्त त्याला रिकामं कडकडीत तापवता येत नाही आणि आपटलं तर थराचा टवका उडतो.

धुराचंही सांगून टाकतो. हा पॅन नीट तापवून भाजायचं म्हणजे धूर होणारच, आणि तो धूर केसांत बसतो. भाजण्याचं काम ती यायच्या तासभर आधी उरकण्यामागे माझा हाही हिशोब आहे: खिडकी उघडून हवा खेळू देता येते आणि मला अंघोळ करता येते. भाजायला लोणी वापरू नका, त्यातले दुधाचे कण लवकर जळतात. सुगंधी मेणबत्तीही नको. थाइम आणि लसणाच्या वासावर लॅव्हेंडर चढलं की धड जेवण नाही, धड सुगंध नाही.

निगराणीबद्दल लोकांनी नको तेवढी भीती घालून ठेवली आहे. साबण अजिबात चालत नाही, असं सांगतात. जुन्या काळच्या तीव्र क्षाराच्या साबणानं थर निघायचा, त्या वेळी ते बरोबर होतं. हल्लीच्या सौम्य लिक्विडनं पटकन धुतलेलं चालतं. भिजत घालायचा नाही, डिशवॉशरमध्ये टाकायचा नाही, तारेची घासणी नाही. धुऊन लगेच पुसायचा, मंद आचेवर कोरडा करायचा आणि तेलाचा अगदी हलका हात फिरवायचा. तेल जास्त झालं की चिकट होतं. गंज दिसला तरी भांडं वाया जात नाही: घासून काढा, पातळ तेल लावून पुसून घ्या आणि २३० अंशांच्या ओव्हनमध्ये तासभर पालथा ठेवा. उरलेलं अन्न मात्र रात्रभर त्यात ठेवू नका. आणि तापलेल्या पॅनवर गार पाणी ओतू नका. बीड कठीण असलं तरी ठिसूळ आहे, तडा गेला की संपलं.

खास रात्री हे धुणंबिणं कोण करणार, हा प्रश्न रास्त आहे. माझा उपाय असा: पॅन कोमट असतानाच त्यात थोडं गरम पाणी ओतून लाकडी उलथनं फिरवायचं, पाणी टाकून कागदानं पुसायचं. दोन मिनिटांचं काम. बाकी सकाळी.

कोणी घेऊ नये तेही सांगतो. ज्यांच्या जोडीदाराला मासा आवडतो त्यांनी, निदान पहिलं भांडं म्हणून तरी नको. नाजूक मासा न मुरलेल्या बिडाला चिकटतो आणि उचलताना तुकडे होतात. ज्यांना आच क्षणात कमी-जास्त करत स्वयंपाक करायची सवय आहे त्यांचीही यात चिडचिड होईल, त्यांना जाड तळाचं स्टील बरं. आणि वर्षातून एकदाच, वाढदिवसाला, स्वयंपाकघरात शिरणाऱ्यांनी तर बिलकूल नको. रोज वापरला तर हा पॅन सुधारतो, कपाटात पडून राहिला तर गंजतो.

माझ्याकडून पाचपैकी चार तारे. एक तारा सिलिकॉनच्या कव्हरचा आणि त्या कुकीच्या फोटोचा. सोबत झाकण येत नाही, ते वेगळं घ्यावं लागतं; मी घरातलंच २६ सेंटिमीटरचं काचेचं झाकण वापरतो, ते बसतं.